बेबीआजीचा एक तास

गेले दोन शनिवार-रविवार काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. पण यावेळी त्यात एक बग असा निघाला की त्याच्या मागे लागून मी थेट १९४३ सालात पोचलो आणि तिथून डोंबिवलीला. तर आज तेच.

(जे आयटीवाले नाहीत त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सहन करावेत. नंतर बरं आहे.)

आमच्या क्लायंटचं काम पेन्शनचं. जुन्या सिस्टिममधली माणसं उचलून नव्या सिस्टिममध्ये टाकायची. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्कम. टेस्टिंगमध्ये लक्षात आलं की काही लोकांची जन्मतारीख एक दिवस मागे जातेय. बारा तारखेला जन्मलेले आजोबा अकरा तारखेला जन्मलेले दिसतायत. सगळे नाहीत, थोडेच. आमचं पेटंट उत्तर तयार होतंच, "डेटा घाण आहे." क्लायंटने ते ऐकून घेतलं नाही. तीन रात्री गेल्या. लॉग वाचून झाले, एकमेकांना शिव्या घालून झाल्या. शेवटी टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीने ती यादी एक्सेलमध्ये टाकून जन्मतारखेनुसार लावली, आणि आम्ही गप्प झालो. चुकलेला प्रत्येक माणूस १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात जन्मलेला होता. थोडे त्याआधीचे, ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ मधले. बाकी एकही नाही.

भानगड अशी. आमच्या प्रोग्रॅमने जन्मतारखेला मध्यरात्री बारा ही वेळ चिकटवली आणि ती यूटीसीत, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचच्या वेळेत, बदलून ठेवली. नव्या लायब्ररीला ठाऊक होतं की दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. म्हणजे तेव्हा आपण ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होतो. जुन्या रिपोर्टच्या कोडला हे ठाऊक नव्हतं, त्याच्या लेखी भारत कायम साडेपाच. एकाने साडेसहा वजा करून ठेवलं, दुसऱ्याने साडेपाच मिळवून वाचलं. मध्यरात्रीचे झाले आदल्या रात्रीचे अकरा, आणि आजोबा एका दिवसाने मोठे झाले.

दुरुस्ती सोपी होती. जन्मतारखेला वेळ चिकटवायचीच नाही. मुळात चिकटवली कोणी, हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी विचारला नाही, आणि मीही विचारला नाही. (मीच चिकटवली होती.)

पण मला ते युद्धकाळातलं घड्याळ काही सोडेना. म्हणून रात्री टाइमझोनच्या डेटाबेसची मूळ फाइल उघडली. जगातल्या बहुतेक संगणकांत आणि फोनमध्ये ही असते. आर्थर डेव्हिड ओल्सन नावाच्या माणसाने ऐंशीच्या दशकात सुरू केली, नंतर पॉल एगर्ट आणि इतर हौशी लोकांनी सांभाळली. भारताची नोंद कोलकात्याच्या नावाने आहे, पूर्वी कलकत्ता होतं. तिच्या जेमतेम आठ-नऊ ओळी. आधी ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. मग ५ तास ५३ मिनिटं २० सेकंद. मग १८७० पासून ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मग १९०६ पासून साडेपाच. मग ते साडेसहा, परत साडेपाच, परत साडेसहा. आणि शेवटी साडेपाच, ते आजतागायत.

शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करायच्या असतात. इथे दीडशे वर्षांचा इंग्रजी अंमल सेकंदासकट लिहिलेला होता.

मुळात प्रत्येक गावाची वेळ वेगळी असायची. सूर्य डोक्यावर आला की बारा. एका रेखांशाला चार मिनिटं, या हिशेबाने मुंबई ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रास ५ तास २१ आणि कलकत्ता ५ तास ५३. मुंबईत बारा वाजले की कलकत्त्यात एक वाजून दोन मिनिटं. याने कोणाचं काही अडत नव्हतं, कारण कलकत्त्याला पोचायला काही आठवडे लागायचे. तिथे गेल्यावर घड्याळ लावून घ्या की!

अडायला लागलं ते रेल्वे आणि तारेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. त्याच दशकात देशभर तारा टाकल्या गेल्या, आणि १८५७ च्या उठावात त्यांचा इंग्रजांना किती उपयोग झाला हे आपल्याला माहीत आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. पुढच्याच वर्षी सुएझ, एडन करत समुद्राखालून केबल मुंबईला येऊन टेकली. लंडनचं पत्र आगबोटीने यायला महिना लागायचा तिथे निरोप काही तासांत यायला लागला. आता एकाच मार्गावर धावणाऱ्या दोन गाड्यांच्या गार्डांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक असून चालणार नव्हतं. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये बांधलेली वेधशाळा होती. शिवाय मद्रास रेखांशाने मुंबई-कलकत्त्याच्या अधेमधे. म्हणून रेल्वेने मद्रास टाइम घेतला आणि तो रोज तारेने सगळीकडे पोचू लागला. डेटाबेसमधला तो ५ तास २१ मिनिटांचा थर म्हणजे हा. सर्व्हरची घड्याळं आपण आजही असंच एका मुख्य घड्याळाकडे विचारून जुळवतो. कल्पना तीच, फक्त तेव्हा विचारायची सोय नव्हती, वरून सांगितलं जायचं.

मग १८८४. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देश जमले आणि जगाचा शून्य रेखांश ग्रीनिचमधून जाईल असं ठरलं. फ्रान्स तटस्थ राहिला (रुसला म्हणा). हिंदुस्थान या परिषदेत होता का? नाही म्हणायला इंग्लंडच्या प्रतिनिधींमध्ये जनरल स्ट्रेची नावाचे इंडिया कौन्सिलचे एक सभासद होते. झालं आपलं प्रतिनिधित्व. ही परिषद संपून जेमतेम दोन आठवडे होतात तोच १५ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये दुसरी भरली. चौदा सत्ता तिथे आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवायला बसल्या, आणि त्या टेबलावर आफ्रिकेतला एकही माणूस नव्हता. आपण बर्लिनला साम्राज्यशाही म्हणतो आणि वॉशिंग्टनला विज्ञान. मला इतकं सरळ वाटत नाही. ग्रीनिच निवडण्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की जगातली बहुतेक जहाजं आधीपासूनच ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती. आणि ती तशी का वापरत होती, तर समुद्र कोणाचा होता ते बघा.

मुंबईने मात्र यात जो हट्टीपणा केला तो वाचून मला भलताच आनंद झाला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लावायचा हुकूम काढला. (हो, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजवालेच.) शहर इतकं चिडलं की हुकूम शेवटी मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची. आता ही वेळ बघा. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी झालेली, विलायती कापडाच्या होळ्या पेटलेल्या, आणि त्यात सरकार म्हणतंय की उद्यापासून तुमचे बारा बारा एकोणचाळीसला वाजतील. कोण ऐकणार? रेल्वे आणि तारखात्याने नवी वेळ घेतली, महापालिकेने मुंबई टाइम सोडला नाही. फिरोजशहा मेहतांसारखी वजनदार माणसं विरोधात होती.

पण मेहतांपेक्षा मला गिरणी कामगारांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या जानेवारीत काही हजार कामगार नव्या वेळेविरुद्ध उठले, दगडफेकही झाली. आपल्याला वाटेल, ३९ मिनिटांसाठी एवढं? पण हिशेब करा. गिरणीचं फाटक घड्याळात साडेपाचला उघडायचं असेल आणि घड्याळच ३९ मिनिटं पुढे ढकललं, तर सूर्याच्या हिशेबाने तुम्ही पाचच्याही आधी फाटकाशी उभे. नुकते विजेचे दिवे आलेले, त्यामुळे अंधार पडला म्हणून सुट्टी हेही संपलेलं. सकाळची वेळ कापली ती झोपेतून, आणि संध्याकाळी ती परत मिळेल याची खात्री कोण देणार? रात्री साडेनऊचा 'क्विक कॉल' टाकणारा परदेशी मॅनेजर ज्यांना आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अर्थात मी त्यांच्याशी तुलना करणं म्हणजे आगाऊपणा आहे. आम्हाला निदान घरी सोडायला कॅब मिळते.

तर एका शहरात दोन घड्याळं, आणि हे कधीपर्यंत? कलकत्त्याने आपली वेळ १९४८ ला सोडली. मुंबईने १९५५ ला! इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली तरी मुंबई त्यांनी दिलेल्या वेळेशी भांडतच होती.

आता या सगळ्यात एक गंमत राहिली. या डेटाबेसमधली जुनी माहिती आली कुठून? बरीचशी थॉमस शँक्स यांच्या एका ॲटलासमधून. आणि तो ॲटलास छापला होता ज्योतिषाची पुस्तकं काढणाऱ्या अमेरिकन प्रकाशनाने. जगात जुन्या वेळांची एवढी काळजी होती कोणाला, तर पत्रिका मांडणाऱ्यांना. २०११ मध्ये अॅस्ट्रोलेब नावाच्या ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर चक्क खटला भरला होता, की आमची माहिती वापरली. २०१२ च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला. म्हणजे तुमच्या-आमच्या फोनमधलं कॅलेंडर थोडंफार ज्योतिषांच्या उपकारावर चाललंय. हे मी घरी जेवताना सांगितलं, सगळे हसले, आणि बाबा सहज म्हणाले, "बेबीआत्याचा जन्म त्रेचाळीसचा. तिची पत्रिका बघ एकदा."

बेबीआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडली, डोंबिवलीला एकटी राहते, शब्दकोडं पेनाने सोडवते. तिचं लग्न झालं नाही. का, तर "तिला मंगळ होता." आमच्या घरात हे वाक्य "तिला चष्मा होता" याच सुरात म्हटलं जातं. मंगळ साधासुधा नाही, आठवा. मी लहानपणापासून ऐकलंय आणि कधीही पुढे काही विचारलेलं नाही.

रविवारी गेलो. तिने कपाटातल्या डब्यातून पत्रिका काढली. पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यांना हळदकुंकू, घडीवर फाटलेला. ऑक्टोबर १९४३ चा शेवट, दिवाळी दोन-तीन दिवसांवर. जन्मस्थळ मुंबई. जन्मवेळ सकाळी ६-२० स्टँ. टा., आणि त्याखाली गुरुजींनी स्वच्छ अक्षरात केलेली वजाबाकी, ३९ मिनिटं वजा, मुं. टा. ५-४१. पुढे तूळ लग्न, अष्टमात मंगळ.

वजाबाकी बरोबर होती. फक्त अर्धी होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारी घड्याळ एक तास पुढे होतं. आधी तास वजा करायचा, मग ३९ मिनिटं. मुंबई टाइम ५-४१ नाही, ४-४१.

मी फोनवर पत्रिकेचं ॲप उघडलं (बग शोधताना घेतलं होतं, हसू नका) आणि तासभर मागचा आकडा टाकला. लग्न तूळेवरून कन्येला गेलं. सगळी घरं एकेक सरकली. मंगळ आठव्यातून नवव्यात. नवव्यातल्या मंगळाला कोणी मंगळ म्हणत नाही.

माझा पत्रिकेवर विश्वास नाही. तरी हात गार पडले. दोन सिस्टिम, एकीला तास माहीत, दुसरीला नाही. हा बग मी चार दिवसांपूर्वी बंद केला होता.

सांगावं की नाही, हे ठरवायला मी दोनदा पाणी प्यायलो. शिवाय खात्री कशी देणार? सूतिकागृहाच्या भिंतीवरचं घड्याळ युद्धाच्या वेळेवर होतं, की साध्या स्टँडर्डवर, की मुंबई टाइमवर, हे त्या कागदावर कुठे लिहिलंय? बेबीआजी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय सापडलं ते बोल. बँकेत तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचलेत मी."

सांगितलं. सगळं, तो तास, ते ३९, कन्या-तूळ.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन टाइम होते हे आठवतंय मला. आमची शाळा म्युनिसिपालिटीची, म्हणून मुंबई टाइम. अण्णांचं ऑफिस स्टँडर्डवर. आई दोघांचे डबे दोन घड्याळांवर करायची. घड्याळ एकच होतं घरात, दुसरं तिच्या डोक्यात." मग अचानक, "पण आई नेहमी सांगायची, तू झालीस तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. सुईणीने कंदील वर धरला होता म्हणे."

मी वहीत तीन ओळी मांडल्या. ऑक्टोबरअखेर मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने साधारण सहा सदतीसला उगवतो. सूतिकागृहाचं घड्याळ मुंबई टाइमचं असेल तर ६-२० म्हणजे आजचे ६-५९, ऊन आलेलं. साधं स्टँडर्ड असेल तर ६-२०, लख्ख उजाडलेलं. युद्धाचं असेल तर ५-२०. काळोख तिन्हीपैकी एकातच बसतो.

"म्हणजे आईचं बरोबर होतं," बेबीआजी म्हणाली.

"हो. तिला कोणी विचारलं नाही का, पत्रिका करताना?"

"तिला कोण विचारतंय? कागदावर वेळ होती ना."

मग तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. १९६५ च्या सुमारास एक स्थळ आलं होतं. गिरगावातलंच, दोन चाळी सोडून. बघण्याचा कार्यक्रम वगैरे नाही, ओळखीचाच मुलगा, तिला पसंत होता आणि त्याला ती. पत्रिका गेली आणि आठ दिवसांनी परत आली. सोबत निरोपसुद्धा नव्हता, नुसती पत्रिका. एवढं सांगून तिने डब्यातले बेसनाचे लाडू काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

"तो तास," थोड्या वेळाने ती म्हणाली, "नंतर परत केला का रे त्यांनी?"

"१५ ऑक्टोबर १९४५ ला."

"बरं." पत्रिका तिने जुन्याच घड्यांवर नीट दुमडली. मग परत उलगडली, शब्दकोड्याचं पेन घेतलं आणि ५-४१ च्या शेजारी, गुरुजींचं अक्षर न खोडता, ४-४१ लिहिलं. पत्रिका डब्यात, डबा कपाटात.

निघताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घाई करायला लागलो, तर म्हणाली, "बस. दहा मिनिटं पुढे आहे ते. नोकरी लागल्यापासून असंच ठेवलंय, लोकलसाठी." मी अजून एक लाडू घेतला.